गल्ला आणि गिऱ्हाईक : दहाची पुडी कुणाच्या फायद्याची?

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की हातावर पोट असलेल्या गिऱ्हाइकाला फसवता येतं, पण एकदाच. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. काही कौतुकाची, दोन चक्क भांडणारी. त्यातली पाच इथे घेतोय. पत्रं लांबलचक होती, मी कापून छोटी केली आहेत. राग मानू नये.

नव्या वाचकांसाठी सांगतो. मी तेहतीस वर्षं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत साबण, चहा, बिस्किटांची एजन्सी चालवली. आमचा टेंपो एकीकडे गगनबावडा, दुसरीकडे थेट चंदगडपर्यंत जायचा. बिझनेसचं शिक्षण नाही. चुका मात्र सगळ्या स्वतःच्या खर्चानं केलेल्या आहेत.

प्रश्न : काका, कदमवाडीत माझी छोटी शेड आहे, धुण्याची पावडर बनवतो. किलोची पिशवी ७० रुपये. कॉलन्यांमधून बरी खपते, पण मजूर वस्तीत कोणी हात लावत नाही. तिथले दुकानदार म्हणतात, दहाची पुडी काढ, मग बघ. काढू का? आणि पुडीत भरू किती?
(एक तरुण उद्योजक, कदमवाडी)

उत्तर : काढ. पण आधी एक काम कर. त्या वस्तीतल्या एखाद्या दुकानात संध्याकाळी सहा ते आठ नुसता बसून राहा. माल विकायला नको, बघायला बस. मी असे पुष्कळ बसलोय. सहाच्या पुढं कामावरून परतणाऱ्या बायका येतात. "मामा, वीसचं गोडेतेल द्या, दहाची साखर, पाचचा चहा, आणि एक काडेपेटी." तेल घरून आणलेल्या बाटलीत. हातातली पन्नासची नोट पुढं, आणि उरलेल्या सुट्ट्याचं पोरासाठी बिस्किट. आजचा बाजार झाला. उद्याचं उद्या.

आपण शहाणी माणसं म्हणतो, अगं बाई, किलोनं घेतलंस तर स्वस्त पडेल! तिला ते आपल्यापेक्षा आधी ठाऊक असतं. तिच्याकडं पैसा कमी आहे हे खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की पैसा एकदम येत नाही. सेंटरिंगवर जाणाऱ्याचा पैसा रोज संध्याकाळी येतो. गवंड्याच्या हाताखालच्याचा शनिवारी. दोन म्हशी असलेल्या घरात दर दहा दिवसांनी दूधबिल. एमआयडीसीत ठेकेदाराकडं असलेल्याला महिन्याच्या सात तारखेला, ठेकेदाराची इच्छा झाली तर. आणि ऊसवाल्याचं बिल… जाऊ दे, तो वेगळ्या लेखाचा विषय. तुझी सत्तरची पिशवी महिन्याच्या पगाराच्या मापाची आहे. रोजंदारीच्या घरात तो एका दिवसाच्या कमाईचा मोठा लचका. त्यामुळं पावडर कितीही चांगली असली तरी ती त्या घराच्या पैशाच्या वाराशी जुळत नाही. माझ्या धंद्यात मी एवढं एकच नीट शिकलो : गिऱ्हाइकाच्या घरात पैसा कुठल्या वारी येतो ते आधी विचारायचं. बाकीचं सगळं त्याच्या मागून.

आता भरायचं किती? तू पत्रात खर्च मोकळेपणानं लिहिलास, म्हणून हिशेब मांडतो. कर बाजूला ठेवू. पावडरीचा कच्चा माल किलोला ३८ रुपये. दहाच्या पुडीत दुकानदाराचे १ रुपया २० पैसे, रिकामं पाकीट ७० पैसे, भरणं-सील करणं ५० पैसे, खोकं आणि पोहोच ४० पैसे. तुझ्या हातात उरले ७ रुपये २० पैसे. १०० ग्रॅम भरलास तर माल ३ रुपये ८० पैशांचा, तुला सुटले ३ रुपये ४० पैसे. म्हणजे किलोमागं ३४ रुपये! कॉलनीतल्या किलोच्या पिशवीत तुला सगळं जाऊन १३ सुटतात. मग गरिबाच्या पुडीत ३४? दुकानदार तुला १०० ग्रॅमच भर म्हणतील. दोन वर्षं मजेत जातील, मग तिसरा कोणीतरी १२० ग्रॅम घेऊन येईल आणि तुझी पुडी फळीवर धूळ खाईल.

१३० ग्रॅम भर. माल ४ रुपये ९४ पैशांचा, तुला पुडीमागं सव्वादोन रुपये, किलोमागं सतराच्या वर. पिशवीपेक्षा तुला जास्तच सुटतंय बघ. आणि गिऱ्हाइकाला किलोला ७७ रुपये पडले, पिशवीपेक्षा सात रुपये महाग. ते सात रुपये रास्त आहेत, कारण पाकीट, सील, पोहोच यांचा खर्च खराच होतो. तीस रुपये महाग विकणं रास्त नाही. आणि लपतही नाही, कारण आता किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमला काय दर पडतो तेही छापावं लागतं. वाचत कोण नाही म्हणशील. वाचायची गरजच नसते, ते खाली सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका चहा कंपनीनं (नाव नको, आता त्यातलं कोणी राहिलेलंही नाही) पुडीची किंमत तीच ठेवली आणि आतली पत्ती गुपचूप कमी केली. पाकीट तेच, रंग तोच, फुगवलेलंही तसंच. आम्हाला वरून निरोप, गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही. साळवणच्या एका दुकानात मी माल उतरवत होतो. एक आज्जी आली, पुडी घेतली, तळहातावर दोनदा उडवली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "हलकी झालीया की रं ही." मी म्हटलं, "न्हाई आज्जी, तीच हाय." तिनं पुडी परत ठेवली, दुकानदाराला म्हणाली, "ती दुसरी दे, लाल." बास. आवाज नाही, भांडण नाही. महिन्याभरात त्या सगळ्या पट्ट्यात आमचा चहा बसला. कंपनीच्या साहेबांना कळेना की अडाणी माणसांना वजन कळलं कसं. ज्या बाईनं आयुष्यभर मूठ हेच माप वापरलं तिच्या तळहाताला तुमचा पंधरा ग्रॅमचा फरक कळणार नाही? मी तिच्याशी खोटं बोललो, ते अजून डाचतं.

तुझ्या लायनीतलं मोठं उदाहरण तुला माहीतच असेल. अहमदाबादचे करसनभाई पटेल सरकारी नोकरीत केमिस्ट होते. १९६९ साली घरामागं पावडर बनवून सायकलवर दारोदार विकायला लागले, किलोला तीन-साडेतीन रुपये, तेव्हा नामांकित पावडर त्याच्या चौपट होती. तीच निर्मा. लोक म्हणतात स्वस्त होती म्हणून खपली. स्वस्त तर मातीही असते. ती दारात आली, आणि धुतल्यावर कपडा स्वच्छ निघाला. तू पुडी काढशील तेव्हा पहिले पंधरा दिवस वस्तीतल्या नळावर एक बादली घेऊन जा आणि कोणाचीही कॉलर धुऊन दाखव. तमिळनाडूत कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरला. त्यांचे चिरंजीव रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजारांवर स्वतःचा वेगळा शाम्पू काढला, चिक. गावोगाव एखाद्या पोराला पुढं बोलवायचे, सगळ्यांसमोर त्याचं डोकं धुवायचे आणि म्हणायचे, हात लावून बघा. वर पाच रिकाम्या पुड्या आणून दिल्या की एक भरलेली फुकट. विकत घेणाऱ्यानं आधी हात लावून बघितलं, मग खिशात हात घातला.

प्रश्न : आमचा पन्हाळा तालुक्यात बायकांचा बचत गट आहे. कांदा-लसूण चटणी करतो. कोल्हापुरात, पुण्यात प्रदर्शनांत चांगली जाते. पण आमच्याच गावातल्या, वाडीतल्या बायका घेत नाहीत, दुकानातली दहाची पुडी आणतात. आम्ही पण पुड्या काढाव्यात का?
(गटाच्या अध्यक्षा)

उत्तर : ताई, वरच्या पोराला मी पुडी काढ म्हणालो. तुम्हाला नको म्हणतो. कारण पावडर वर्षाची भरून ठेवायची चीज नाही, चटणी आहे. आपल्याकडं चटणी करायची ती वर्षाची, उन्हाळ्यात. गडहिंग्लजच्या बाजारातली जवारी संकेश्वरी, रंगाला ब्याडगी, मग खोबरं, तीळ, धणे, कांदा-लसूण, गरम मसाला आणि डंकावरच्या कांडपाची मजुरी. पाच माणसांच्या घराला सहा किलो चटणी धरली तर अडीच हजारांच्या पुढं एकदम बाहेर काढावे लागतात. आणि ज्या बाईच्या हातात एकदम तीनशेसुद्धा नसतात, तिचा मे महिना तसाच जातो. मग वर्षभर पुडी. दहा रुपयांत वीस ग्रॅम, म्हणजे किलोला पाचशे. तीच बाई तुमच्या चटणीला महाग म्हणते आणि त्याहून महाग चटणी खाते, तीही वीट कुटल्यासारखी.

तेव्हा तुम्ही चटणी विकू नका, चटणीची भिशी लावा. दिवाळी झाली की आठवड्याला शंभर, बाजाराच्या दिवशी, सव्वीस आठवडे. एप्रिल संपता संपता २,६०० होतात. त्या बदल्यात मेमध्ये सहा किलो चटणी बरणीत. किलोला ४३३ पडले. तुम्हाला काय मिळालं? मिरचीचा हंगाम असतो तेव्हा तुमच्या हातात रोख पैसा असतो. दलालाकडून उधारीवर घेताना जी मिरची माथी मारली जाते ती घ्यावी लागत नाही, पोती फोडून, हात घालून, निवडून घेता. आणि विक्री आधीच झालेली आहे, प्रदर्शनात तीन दिवस पंख्याखाली बसून वाट बघायची नाही.

ही काही माझी अक्कल नाही. मेक्सिकोतल्या सेमेक्स नावाच्या बड्या सिमेंट कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीला हेच केलं. तिथली गरीब माणसं एक एक पोतं सिमेंट आणायची, ते दमट होऊन वाया जायचं, आणि एक खोली बांधायला चार-पाच वर्षं लागायची. कंपनीच्या माणसांनी वस्तीत राहून बघितलं तर तिथं ‘तांदा’ नावाचा प्रकार चालायचा. आपली भिशीच ती! मग कंपनीनं तीन-तीन घरांचे गट केले, सत्तर आठवड्यांचा हप्ता बांधला, आणि सिमेंट-विटा लागतील तशा टप्प्याटप्प्यानं पोहोचवल्या, जोडीला आराखडा काढून द्यायला माणूस. सिमेंटची किंमत कमी केली नाही. पैशाचा आणि मालाचा मेळ घातला.

दोन गोष्टींत मात्र कडक राहा. भिशीचे पैसे गटाच्या बँक खात्यात, कोणाच्याही डब्यात नाही. आणि प्रत्येकीच्या हातात कार्ड, दर आठवड्याला सही. पैसे गोळा करून पळालेली माणसं आपल्या प्रत्येक गावानं बघितली आहेत. पहिल्या वर्षी वीसच घरं घ्या. एखादी मधेच थांबली तर जेवढे भरले तेवढ्याची चटणी द्या, दंड कापू नका. नाहीतर पुढच्या दिवाळीला तिच्यासकट तिची सगळी आळी गळेल.

आणि अजून एक. देठं खुडायला, कांदा चिरून वाळवायला वाडीतल्याच त्या बायकांना बोलवा, ज्या चटणी घेत नाहीत. मजुरी त्याच संध्याकाळी हातात. आठवड्याचे शंभर त्यातूनच निघतील. सी. के. प्रल्हाद म्हणून मोठे प्राध्यापक होऊन गेले, अमेरिकेत मिशिगनला शिकवायचे. त्यांनी दोन दशकांपूर्वी जगातल्या कंपन्यांना सांगितलं, की गरिबांना गिऱ्हाईक समजा, त्यांचंही भलं आणि तुमचाही नफा. त्याच विद्यापीठातल्या अनिल कर्णानी यांनी उलट मांडलं : गरिबाला विकून त्याची गरिबी कशी हटेल? त्याच्याकडून विकत घ्या. दोघांचं ऐकलं तर मला कर्णानींचं जास्त पटतं, पण ते भांडण प्राध्यापकांचं. आपल्या गिरगावात १९५९ च्या मार्चमध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले होते, तेव्हा यातलं काहीच छापून आलं नव्हतं. त्या लिज्जतची पद्धत बघा : सकाळी मळलेलं पीठ घरी न्यायचं, दुसऱ्या दिवशी लाटलेले पापड आणून द्यायचे आणि लगेच मजुरी घ्यायची. महिनाअखेरीची भानगड नाही. कोणीतरी त्या घरांतला पैशाचा वार ओळखला होता.

प्रश्न : यादवनगरात आमचं किराणा दुकान आहे. उधारी पावणेदोन लाखांवर गेली आहे. मुलगा म्हणतो, ‘आज रोख उद्या उधार’चा बोर्ड लावून स्कॅनर चिकटवू, उधारी बंद. हे म्हणतात, मग गिऱ्हाईक बंद. कोणाचं ऐकू?
(एक दुकानदार गृहिणी)

उत्तर : वहिनी, तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपणारा माल कुठला असं मला कोणी विचारलं तर मी उधारी म्हणेन. साखर काय, मोठ्या बाजारातही मिळते आणि किलोला दोन रुपये कमीच लागतात. तिथं मिळत नाही ती उधारी. तुमच्या ह्यांचं म्हणणं खरं आहे.

पण मुलाचंही खोटं नाही, पावणेदोन लाख म्हणजे गंमत नव्हे. वही काढा आणि एका दुपारी दोघं मिळून नावांपुढं वार लिहा. कोणाचा पैसा शनिवारी, कोणाचा दूधबिलाला, कोणाचा सात तारखेला. ज्याचा वार तुम्हाला सांगता येत नाही त्याची उधारी आजपासून बंद. ज्याचा वार माहीत आहे त्याची मर्यादा एका वारापुरती. शनिवारवाल्याला आठवड्याचं, सात तारखेवाल्याला महिन्याचं. आपण करतो उलट : सगळ्यांना महिनाअखेर, आणि महिनाअखेरीला शनिवारवाल्याचे चारही पगार संपलेले. मग तो तोंड चुकवतो. उधारी थकवणारा आधी दुकान बदलतो, मग रस्ता बदलतो. शेवटी पैसेही गेले आणि गिऱ्हाईकही.

थकलेल्या जुन्या उधारीसाठी पिग्मी लावा. आपल्या कोल्हापुरात पिग्मी म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. पतसंस्थेचा एजंट पिशवी अडकवून रोज दारात येतो, वीस म्हणा पन्नास म्हणा, टिपून नेतो. याची सुरुवात उडुपीच्या सिंडिकेट बँकेची, १९२८ ची, तेव्हा रोजचे दोन आणे. जवळपास शंभर वर्षं ती चालली, कारण रोज कमावणाऱ्याला रोज बाजूला काढणं जमतं, महिन्याला एकदम जमत नाही. तुमच्या तीन हजार थकलेल्या गिऱ्हाइकाला म्हणा, रोज वीस देत जा, नवा माल रोखीनं ने. पाच महिन्यांत फिटतं. आणि त्याला दुकानात यायला लाज वाटत नाही, ही खरी कमाई.

एक गोष्ट विचारतो, खरं सांगा. उधारीवाल्याला साखर दोन रुपये जास्त लावता का? बहुतेक जण लावतात. लावायचीच तर सांगून लावा. एकाच डब्यातली साखर दोन दरांत विकली जाते हे शेजारणी शेजारणींत कळायला नळाची एक पाळी पुरते.

आणि वस्तीतल्या बायकांच्या मायक्रोफायनान्सच्या मीटिंगचा वार वहीत लिहून ठेवा. त्या सकाळी तुमच्या गल्ल्यात काही पडणार नाही, कारण सगळी नाणी तिकडं. एकेका घरात तीन-तीन कंपन्यांचे हप्ते मी बघितलेत, एकाचं कर्ज काढून दुसऱ्याचा हप्ता. २०१० साली आंध्रात हेच टोकाला गेलं आणि सरकारला कायदा करावा लागला. रिझर्व्ह बँकेनं २०२२ पासून नियम घातलाय, की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. कुणी गिऱ्हाईक बाई हप्त्यांनी गांजलेली दिसली तर हे तिच्या कानावर घाला. तुमचं म्हणणं ती ऐकेल, कंपनीच्या पोराचं नाही ऐकणार.

स्कॅनर जरूर लावा. पण तो गल्ला आहे, वही नाही.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत नोकरी करतो. मित्राबरोबर कमी विजेवर चालणारा छोटा कूलर तयार केलाय, बाजारातल्या निम्म्या किमतीत. ‘गरिबांचा कूलर’ म्हणून जाहिरात केली. लोक बघतात, हात लावतात, घेत नाहीत. काय चुकतंय?
(एक अभियंता)

उत्तर : नाव. रात्री पाहुणे आले आणि बायकोनं विचारलं, कुठला कूलर आणलाय, तर त्या माणसानं काय सांगायचं, गरिबांचा? टाटांची नॅनो आठवते ना. २००९ ला रस्त्यावर आली, गाडी वाईट नव्हती. पण सगळ्यात स्वस्त गाडी ही ओळख तिला चिकटली, आणि स्कूटरवरून उतरून माणूस गाडीत बसतो तो शेजाऱ्यानं बघावं म्हणूनही बसतो. सगळ्यात स्वस्त हा शिक्का नुकसानीचा ठरला हे पुढं रतन टाटांनीच बोलून दाखवलं. २०१८ ला उत्पादन थांबलं. गोदरेजनं गावातल्या घरांसाठी छोटूकूल नावाचा सव्वातीन हजारांचा पिटुकला फ्रिज काढला होता, कॉम्प्रेसर नाही, उचलून नेता येईल असा. घरातली बाई म्हणाली, पैसे घालायचेच तर खरा फ्रिज घेऊ की! पुढं तो शहरातल्या गिऱ्हाइकाकडं वळवावा लागला.

दुसरं, तुम्ही दुरुस्तीबद्दल पत्रात एक अक्षर लिहिलं नाहीत. पहिलं गिऱ्हाईक तेच विचारतं : बिघडला तर कुठं न्यायचा? श्रीमंताचा कूलर बिघडला तर तो दुसरा घेतो, याचे तर कूलरच्या नावानं काढलेले पैसे अजून फिटायचे असतात. तुमच्या मोटरचा पार्ट उद्यमनगरातल्या कुठल्याही पोराला बसवता येईल असा करा, आणि ते कूलरवरच लिहा. बाकी किंमत अजून शंभरानं कमी केलीत तरी काही फरक पडणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. तुमचे लेख वाचून वाईट वाटतं. गरिबांच्या जिवावर नफा कसा मिळवावा हे तुम्ही शिकवता. ही कामं धर्मादाय नकोत का?
(मंगळवार पेठ)

उत्तर : गुरुजी, तुमचा राग मला मान्य आहे, कारण पुडीचा शोध लागला त्याचा सगळ्यात जास्त फायदा गुटख्यानं घेतला. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी पंचगंगेच्या घाटावर पुडीचे तुकडे कशाचे पडलेले असतात ते तुम्ही बघताच. शाम्पूची पुडीही तिथंच येते. ती धुऊन निघत नाही, हा आमच्या धंद्याचा दोष आहे आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही. मोबाइलचं रिचार्ज बघा : २८ दिवसांचं. महिना समजून माणूस भरतो आणि वर्षाला बाराऐवजी तेरा वेळा भरतो. असल्या हुशारीची मलाही चीड येते.

पण धर्मादायाचं म्हणाल तर मदुराईचं उदाहरण सांगतो. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, तुमच्यासारखेच. १९७६ साली अकरा खाटांचं डोळ्यांचं रुग्णालय काढलं, अरविंद. ज्याला परवडतं त्यानं पैसे द्यायचे, ज्याला नाही त्याची शस्त्रक्रिया फुकट किंवा नाममात्र, आणि कापणारे डॉक्टर दोन्हीकडं तेच. शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायचं परदेशी भिंग महाग पडतं म्हणून १९९२ ला स्वतःचाच भिंगांचा कारखाना काढला आणि किंमत दहा पटीनं खाली आणली. देणगीवर टेकून बसले असते तर देणगी आटली त्या दिवशी रांग थांबली असती. पैसे देणारा रुग्ण येत राहिला म्हणून न देणारा बघू शकला. मी काही वेंकटस्वामी नाही, मी चहा-साबण विकला. पण साळवणच्या आज्जीला मी फुकट चहा दिला असता तर तिला आवडला नसता. तिला पुरतं वजन हवं होतं.

ता. क. कदमवाडीच्या पोरानं पत्राबरोबर पावडरीची पिशवी पाठवली होती. आमच्या हिनं वापरून बघितली. फेस कमी येतो, पण कॉलर निघते, असं तिचं म्हणणं. मात्र बाळा, पिशवीवर वजन इतकं बारीक छापलंयस की चष्मा लावूनही मला सापडलं नाही. शेवटी तिनंच पिशवी हातावर उडवून सांगितलं, किलोला थोडी कमी आहे. काट्यावर ठेवली. नऊशे साठ.